लॅपटॉपचा ब्रँड बदलावा का? मॅकबुक एअर की थिंकपॅड

दोन-तीन वर्षांत लॅपटॉपने मान टाकली आणि आता या कंपनीचं परत नको असं म्हणून बसला असाल तर हे तुमच्यासाठी. प्रोसेसर-रॅम तुम्हाला कळतंच, त्यात शिरत नाही.

माझा आधीचा लॅपटॉप (कंपनीचं नाव राहू दे, कुणाला त्यांचाच उत्तम अनुभव असेलही) तसा ठीक चालत होता, वाट लावली ती हिंजने, म्हणजे झाकणाच्या बिजागरीने. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये हिंज धातूचा असतो पण त्याचे स्क्रू जातात प्लास्टिकमध्ये बसवलेल्या बारक्या पितळी नटांत, हिंज जरा जड झाला की झाकण उघडताना सगळा ताण त्या प्लास्टिकवर येतो, आणि मग एक दिवस कट्ट करून नट प्लास्टिकचा तुकडा घेऊनच बाहेर येतो. कोपऱ्यात फट पडते, आतली डिस्प्लेची वायर दिसायला लागते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले हे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही, पॅनल बदला. शेवटी गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडून एम-सील भरून घेतलं, तेही सुटलं, मग झाकण मिटणंच बंद केलं, म्हणजे लॅपटॉपचा डेस्कटॉप झाला.

त्यामुळे पुढचा घेताना मी आधी झाकण बघितलं, बाकी नंतर.

मॅकबुक एअर बायकोकडे आहे, रोज बघतो. झाकण एका बोटाने उघडतं, २०२० च्या एम१ चिपवाल्या मॉडेलपासून आत फॅनच नाही त्यामुळे आवाज शून्य, आणि चार्जर घरी विसरलं तरी तिचं काही अडत नाही. बॅटरीत माझा आताचा लॅपटॉप तिच्या एअरपुढे टिकत नाही, हे मान्य. पण रॅम आणि एसएसडी दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेली, घेताना जे घेतलं तेच शेवटपर्यंत. २०२४ पासून बेस मॉडेललाच १६ जीबी रॅम मिळते म्हणून ती रड जरा कमी झालीये. शिवाय टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर पोट असेल तर विंडोज लागणारच, मग मॅकवर जुगाड करत बसा. आणि ॲपल म्हणजे बिघाडच नाही असंही काही नाही, २०१५ ते २०१९ दरम्यानच्या त्या बटरफ्लाय कीबोर्डवरून अमेरिकेत कोर्टकचेऱ्या झाल्या होत्या.

मी थिंकपॅड घेतला, टी सिरीजमधला. १९९२ मध्ये आयबीएमने काढलेली ही लाइन २००५ पासून लेनोवोकडे आहे. दिसायला काळा ठोकळा, स्पीकर यथातथाच. पण झाकण धरून उचलला तरी कुरकुर नाही, आणि मुख्य म्हणजे कोणता स्क्रू आधी काढायचा इथपासूनचं मेंटेनन्स मॅन्युअल कंपनीच साइटवर फुकट ठेवते. बॅटरी, एसएसडी आपली आपण बदलता येते. ऑनसाइट वॉरंटी घेतली तर माणूस घरी येतो, सर्व्हिस सेंटरच्या खुर्चीवर टोकन घेऊन बसलेल्यांना याची किंमत कळेल. एक्स१ कार्बन मात्र बघून घ्या, त्यात रॅम सोल्डरच असते.

खरं सांगायचं तर ब्रँडपेक्षा सिरीज बदलणं जास्त महत्त्वाचं, असं आपलं माझं मत. डेलची लॅटिट्यूड (२०२५ पासून नवीन मॉडेलना डेल प्रो म्हणतात), एचपीची एलिटबुक, या ऑफिसवाल्या लाइन त्याच कंपन्यांच्या घरगुती मॉडेलपेक्षा वेगळ्याच बांधणीच्या असतात, त्यामुळे तुमची कंपनी अगदीच नकोशी झाली नसेल तर तिथेही वरची लाइन बघायला हरकत नाही. नवीन महाग पडतात, पण कंपन्यांनी भाड्याने वापरून परत केलेले, दुरुस्त करून विकायला ठेवलेले (रिफर्बिश्ड) मुंबईत लॅमिंग्टन रोडला बरेच मिळतात, फक्त बॅटरी बदलायचा खर्च धरून भाव करा.

फोटो-व्हिडिओचं काम असेल आणि विंडोजचं अडत नसेल तर डोळे झाकून एअर घ्या. बाकीच्यांनी थिंकपॅड, पण ऑर्डर करताना स्क्रीनचा ऑप्शन नीट वाचा, सगळ्यात स्वस्त पॅनलमध्ये ४५ टक्के एनटीएससी असं लिहिलेलं असतं, म्हणजे स्क्रीन कमी रंग दाखवते, त्यात लाल टोमॅटोसुद्धा फिका दिसतो.