घर स्वतः हलवताना वापरलेली स्ट्रेच फिल्म, गोधड्या आणि पट्टे : पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

नागपूरच्या महाल भागातल्या भाड्याच्या घरातून आम्ही मे महिन्यात, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये आलो. पॅकर्स लावले नाहीत. टेम्पो, दोन हमाल आणि घरची माणसं, एवढ्यावर भागवलं. बांधाबांधीसाठी २३ मायक्रॉन जाडीची १८ इंची स्ट्रेच फिल्म (ताणून गुंडाळायचं पातळ प्लास्टिक), बबल रॅप, खाकी पुठ्ठ्याचा रोल आणि रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) विकत घेतले. गोधड्या घरच्याच होत्या. आता पावसाळाही गेला, त्यामुळे कशाने काय वाचलं हे नीट सांगता येतं.

पहिला मान गोधडीचा. आमचा दिवाण आणि कपाट सागवानी, दोन्हीला पॉलिश. निघण्याआधी सुताराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, पॉलिशला प्लास्टिक लागू देऊ नका. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. उघड्या टेम्पोत ऊन लागलं की पॉलिश नरम पडतं आणि बबलचे गोल ठसे त्यावर उमटतात. त्याच सुमारास घर हलवलेल्या आमच्या शेजाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर ते उमटलेच, पुन्हा पॉलिश करावं लागलं. आम्ही लाकडाला आधी सुती गोधडी आणि तिच्यावर फिल्म असं गुंडाळलं. दिवाण आजही जसाच्या तसा आहे. बबल रॅप फक्त काचेला आणि क्रोकरीला वापरला. ताटं आणि बशा खोक्यात उभ्या लावल्या, आडव्या रचल्या की खालच्यांवर सगळा भार येतो.

स्ट्रेच फिल्म मला फार आवडली, पण बांधायला. ती स्वतःलाच चिकटते, त्यामुळे ड्रॉवर आणि कपाटाची दारं बंद राहतात आणि चिकटपट्टीसारखा रंग उचकटत नाही. धक्का मात्र ती अजिबात झेलत नाही. आमच्या गल्लीत टेम्पो शिरत नव्हता, सगळं सामान कोपऱ्यापर्यंत पाठीवर न्यावं लागलं. प्रवासापेक्षा जिन्यात आणि गल्लीच्या वळणावरच वस्तू जास्त आपटतात, हे तिथे कळलं. म्हणून कपाटाच्या कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या दुहेरी घड्या लावून खोलीतच बांधलेलं बरं, टेम्पोजवळ जाऊन नव्हे.

रॅचेट पट्ट्यांचे पैसे वसूल झाले. दोरी खड्ड्यांत ढिली पडते, पट्टा सहसा ढिला पडत नाही. पण तो इतका आवळला जातो की लाकडाची कड दबते, म्हणून खाली जाड घडी हवीच. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि गोदरेजचं कपाट ड्रायव्हरच्या केबिनला टेकवून उभं बांधलं. फ्रिज आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, मग तो उभा करून काही तास बंद ठेवावा लागतो. फ्रंट लोड मशीनचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम घट्ट धरणारे) आम्ही सांभाळून ठेवले होते, ते परत लावले. ते नसले की ड्रम हिंदकळतो आणि सस्पेन्शन खराब होतं. नव्या घरी बोल्ट काढूनच मशीन सुरू करायची. मशीन आज निमूट चालते आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पावसाळ्यात समजली. जागा लागेपर्यंत काही सामान गुंडाळलेलंच वरच्या खोलीत राहिलं. फिल्ममध्ये घट्ट बांधलेल्या गादीला आणि लोखंडी पेटीला दमट वास धरला, पेटीच्या कडांवर गंजही चढला. त्याच खोलीतला लाकडी पाट नुसत्या चादरीत होता, तो कोरडा. हवा न खेळणारं वेष्टण फक्त वाहतुकीपुरतंच ठीक. पोचल्यावर सोडायला वेळ नसेल तर निदान फिल्मला ब्लेडने खालून-वरून चिरा द्या. पुढच्या वेळी फिल्म मी याच जाडीची घेईन, बबल रॅप निम्मा घेईन आणि गोधड्यांना जोड म्हणून इतवारी बाजारातून धुतलेला बारदाना आणेन.