त्या फोटोतली खिडकी डाव्या हाताला होती

सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन मिरजेत झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, बाथरूमचा उंबरठा काढा, त्यांना पाय उचलावा लागता कामा नये. आमचा फ्लॅट सांगलीत विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर. फोडतोच आहोत तर उंबरठ्याशिवायचा वॉक-इन शॉवर, काचेचं पार्टिशन आणि पलीकडच्या खोलीत त्याच भिंतीला लागून कपाटं असं सगळं एकदमच करायचं ठरलं. ओळखीतून कंत्राटदार मिळाला, 3,40,000 रुपयांवर बोलणं झालं. "वहिनी, आईंसाठी करायचंय, घरचं काम समजून करतो," म्हणाला.

त्याच्या कोटेशनमध्ये 'वॉटरप्रूफिंग चांगल्या कंपनीचे', 'प्लाय वॉटरप्रूफ', 'काच टफन' एवढंच होतं. कंपनी कुठली, ग्रेड काय, जाडी किती, काही नाही. पुढे भांडायची वेळ आली तेव्हा कळलं, या कागदाच्या जोरावर भांडताच येत नाही.

उंबरठा नसला की पाणी अडवायला काही उरत नाही. सगळी भिस्त उतारावर आणि फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगवर. पाणी जायच्या जाळीकडे मीटरला एक ते सव्वा सेंटिमीटर उतार लागतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी शाळेत होते. दुपारी कंत्राटदाराने फोटो पाठवला: जमिनीवर करडा थर, भिंतीवर फूटभर चढवलेला. "दोन हात मारून वाळलंय. 80,000 टाका, टाइल्स उचलतो." मी स्टाफरूममधूनच पैसे पाठवले. संध्याकाळी घरी आले तर निम्म्या फरश्या बसल्यासुद्धा होत्या.

दोन महिन्यांनी खालच्या काकूंनी बोलावलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली होती, पोपडे सुटून ओट्यावर पडत होते. त्याच आठवड्यात आमच्या नव्या कपाटातून कुबट वास यायला लागला. मागची फळी फुगली होती आणि माझ्या आईच्या इरकलीवर बुरशी धरली होती. रात्री मी तो फोटो पुन्हा उघडला. त्यातली खिडकी डाव्या हाताला होती. आमच्या बाथरूमची खिडकी उजव्या हाताला आहे. फोटो दुसऱ्याच कुणाच्या घरचा होता.

मग एकेक उकलत गेलं. पार्टिशनची काच अर्धा इंच जास्त भरली म्हणून त्याच्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत गॅलरीत कापून कमी केली होती. टफन म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच. ती भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, तसं करायला गेलं की तिचा चुरा होतो. जी कापली गेली ती साधी काच होती. सासूबाई रोज आंघोळीला तिला हात टेकून उभ्या राहायच्या. ती फुटली असती तर सुरीसारखे तुकडे झाले असते. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण ही गोष्ट मी त्याला कधीच माफ करणार नाही.

दुसऱ्या सुताराने कपाट उपसलं. कंत्राटदाराने दाखवलेल्या नमुन्याच्या तुकड्यावर आयएसआयचं चिन्ह आणि 'आयएस 710' होतं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. बसवलं होतं साधं कमर्शियल, पाठीला तर पार्टिकल बोर्ड. लॅमिनेट चिकटलं की आतलं काही दिसत नाही. म्हणून अख्खे ताव घरात येतील तेव्हाच प्रत्येकावरचा शिक्का पाहा, फोटो काढून ठेवा. शिक्क्यातला लायसन्स नंबर भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो.

एकूण 2,90,000 दिले, त्यातले 1,50,000 रोख. "बिल घेतलंत तर 18 टक्के जीएसटी वर पडेल, वहिनी." पावती नाही. गळतीचं सांगितल्यावर "खालच्यांचाच पाइप गळत असेल" म्हणाला, नंतर फोन उचलणं बंद.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोलले, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देतेय. दोन वर्षांच्या आत द्यावी लागते, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलच हवा असंही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, बँकेच्या नोंदी, ओलीचे तारखेसह फोटो आणि दोन खिडक्यांचे फोटो शेजारी शेजारी लावलेत.

बाथरूम पुन्हा फोडलं. या वेळी शाळेतून रजा काढली. नव्या मिस्त्रींनी माझ्यासमोर दोन हात मारले, नीट वाळू दिले, मग जाळीखालचा ट्रॅप बुजवून पाणी भरलं. पाण्याच्या पातळीला मी भिंतीवर खडूने रेघ मारली. 48 तास कुणी आत गेलं नाही. काकू सकाळ-संध्याकाळ स्टुलावर चढून छताला हात लावून पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी पाणी रेघेलाच होतं आणि खालून काकूंची हाक आली, "कोरडं आहे गं!" मग फरशी लावायला सांगितली आणि दुसरा हप्ता दिला, चेकने.