पल्स ऑक्सिमीटर: नऊ महिने रोजच्या वापरानंतर

हे यंत्र घेतलं तेव्हा ह्यांचा खोकला पाच महिन्यांचा झाला होता. पहिल्या डॉक्टरांनी दमा म्हणून इनहेलर दिला होता. दर भेटीत ते ह्यांच्या बोटाला या यंत्राचा चिमटा लावायचे, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९५ किंवा ९६ टक्के यायचा, आणि "ऑक्सिजन उत्तम आहे" म्हणून आम्ही घरी. घरी मात्र जिना चढून आले की पाच मिनिटं ह्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. आकडा उत्तम आणि माणूस धापा टाकतोय, हे काही केल्या जुळेना. म्हणून दोन बारीक सेलवर चालणारं साधंसंच यंत्र आणलं.

पहिला आठवडा मीही तीच चूक केली. सकाळी ह्यांना खुर्चीत निवांत बसवून मोजायचे. ९५. मग एकदा हे आंघोळ करून बाहेर आले ते टॉवेल खांद्यावर तसाच टाकून पलंगाच्या कडेला टेकले. ओठ निळसर वाटले म्हणून धावत जाऊन यंत्र लावलं. आधी ९३ दिसलं. मग ९०, ८७, आणि माझ्या डोळ्यांदेखत ८४. दोन-तीन मिनिटांत पुन्हा ९४. ज्याचं उत्तर महिनोन्‌महिने मिळत नव्हतं ते त्या दोन-तीन मिनिटांत होतं. बसल्या जागी सगळं ठीक होतं, हालचाल झाली की ऑक्सिजन कोसळत होता.

नंतर कळलं की फुफ्फुसातला बदल बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे सर्वांत खालचा आकडा बहुतेकदा थांबल्यावर वीस-तीस सेकंदांनी दिसतो. चिमटा लावून पहिला आकडा बघितला आणि लगेच काढला, तर नेमकं तेच हातून निसटतं.

मग वही केली. वेळ, बसून आकडा, काय केलं, सर्वांत खाली किती गेला, परत ९०च्या वर यायला किती वेळ. बस, एवढंच. फुफ्फुसविकार तज्ज्ञांची वेळ सहा आठवड्यांनंतरची मिळाली होती, ते सहाही आठवडे लिहिलं. भेटीत मी दम लागण्याचं वर्णन करायला सुरुवात केली तर ह्यांनीच मला थांबवलं, "अगं, वही दे त्यांना." डॉक्टरांनी दोन पानं शांतपणे वाचली, ह्यांच्या नखांकडे बघितलं, पाठीवर खाली स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं. वेल्क्रोची पट्टी सोडवताना येतो तसा आवाज येतोय, म्हणाले. त्याच दिवशी सहा मिनिटं चालण्याची चाचणी झाली आणि एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) व डीएलसीओसह (फुफ्फुसांतून वायू रक्तात किती उतरतो ते मोजणारी चाचणी) फुफ्फुसांच्या क्षमतेच्या तपासण्या लिहून दिल्या. पुढे छातीचे तज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून निदान केलं: इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिस. फुफ्फुसांत व्रण पडून ती कडक होत जातात. निन्टेडॅनिब हे औषध सुरू आहे. झालेले व्रण त्यानं भरून येत नाहीत, आजाराचा वेग मंदावतो. निदान ऐकून आम्ही दोघं गाडीत बराच वेळ नुसते बसून होतो. पण दम्याच्या औषधांवर आणखी वर्ष गेलं असतं, तर ते मला सहन झालं नसतं.

आता यंत्राविषयी. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात, आणि रक्त ते किती शोषतं यावरून हिशेब होतो. ताकुओ आओयागी यांनी जपानमध्ये १९७४ साली हे तत्त्व मांडलं. हात गार असले की आकडा भरकटतो, म्हणून आधी तळवे चोळून घ्यायचे. नेलपॉलिश नको, हात हलवायचा नाही, पडद्यावरची लहर एकसारखी होईपर्यंत थांबायचं. एक-दोन अंकांच्या फरकानं घाबरायचं नाही, खालच्या आकड्यांवर तर चूक आणखी वाढते. सावळ्या-काळ्या त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, २०२१ साली तसा इशाराही दिला होता. त्यामुळे आकडा चांगला आणि माणूस बेजार, असं असेल तर माणसावर विश्वास ठेवा. कार्बन डायऑक्साइड साठतोय का, हेही या यंत्राला कळत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. निदानानंतर महिनाभर मी रात्री दोन-दोनदा उठून ह्यांच्या बोटाला चिमटा लावत होते. एका रात्री अंधारात हात शोधला तर ह्यांनी तो चादरीत ओढून घेतला. काही बोलले नाहीत. मला ते फार लागलं, कारण त्या महिन्यात मी ह्यांचा हात धरला होता तो फक्त यंत्र लावायला. दुसऱ्या दिवशी ठरवलं: दिवसातून तीनदा, त्यातलं एकदा चालल्यानंतर, आणि यंत्र ह्यांच्याच ताब्यात. रात्रीच्या आकड्यांची काळजी डॉक्टरांना बोलून दाखवली, त्यांनी रात्रभर नोंद ठेवणारं यंत्र एका रात्रीपुरतं दिलं. प्रश्न मिटला.

नऊ महिन्यांत सेल तीनदा बदलले. चिमट्याची स्प्रिंग थोडी सैल झालीय, पडदा उन्हात नीट दिसत नाही. पाचपैकी चार तारे.

घेणाऱ्यांनी एक करावं: कोणत्या आकड्याला काय करायचं, हे आपल्या तज्ज्ञांकडून लिहून घ्यावं, कारण प्रत्येक आजारात तो वेगळा असतो. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात आहे: बसून ८८च्या खाली, पाच मिनिटांत वर आला नाही, तर लगेच फोन. चालताना ऑक्सिजन दोन लिटर. त्याखाली ह्यांनी पेन्सिलनं लिहिलंय, "आधी हिला उठवा."