फराळाच्या कपाटातली खोडी: पीआयआर सेन्सर आणि नॅनो, दिवाळी ते पावसाळा

दिवाळीत फराळाचे डबे भराभर रिकामे व्हायला लागले, तेव्हा ही डबी बनवली. कपाटासमोर कुणी आलं की आजीचा आवाज येतो, "कोण आहे रे तिथं? हात धुतले का?" आवाज आजीनेच हौसेने रेकॉर्ड करून दिला. पहिला बळी अर्थातच बाबा.

सामान साधंच. आर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाचा क्लोन (स्वस्त नक्कल), अंगाची उष्णता ओळखणारा एचसी-एसआर५०१ हा पीआयआर सेन्सर, कार्डावरचा आवाज वाजवणारा डीएफप्लेयर मिनी, छोटा ३ वॅटचा स्पीकर, मेमरी कार्ड. सगळं नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात मिळालं.

यात सेन्सर सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा, फक्त त्याचा स्वभाव ओळखावा लागतो. चालू केल्यावर मिनिटभर तो उगाच ट्रिगर (कुणी आल्याचा इशारा) देतो, म्हणून पहिली ६० सेकंदं कोडमध्ये सोडून द्यायची. मागे दोन पिवळे स्क्रू असतात, एक अंतराचा (साधारण ३ ते ७ मीटर) आणि एक वेळेचा. खोडीसाठी दोन्ही कमीत कमीवर ठेवा. समोरून सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. म्हणून मी तो बाजूच्या भिंतीवर लावला आणि पांढऱ्या भिंगावर पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवला. नाहीतर त्याची नजर शंभर अंशांहून जास्त पसरते आणि हॉलमध्ये कुणी उठलं तरी आजी ओरडते.

प्लेयरने मात्र डोकं खाल्लं. साध्या कमांडने तो फाइली नावाने नाही, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी केल्या त्या क्रमाने वाजवतो. नॅनोकडून येणाऱ्या वायरमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घातला की खरखर बरीच कमी होते. आवाज सुरू होताच नॅनो रिसेट होत असेल, तर ५ व्होल्टवर मोठा कपॅसिटर टाका. पॉवर बँकेच्या भानगडीत पडू नका. इतका कमी करंट दिसला की बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात. मोबाइलचा जुना चार्जर उत्तम.

आणि हो, दरवेळी वाजवू नका. दोन दिवसांत घरचे सरावतात, मग खोडी कसली! मी एकदा वाजल्यावर दहा मिनिटं गप्प राहायला लावलंय, त्यानंतरही तीनातून एखाद्याच वेळी वाजतं. बाबा अजून दचकतात ते त्यामुळेच.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. हा सेन्सर नुसती हालचाल बघत नाही, अंगाची आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक समोरून सरकला तरच त्याला कळतं. नागपूरच्या दुपारी स्वयंपाकघराची भिंतच अंगाइतकी तापते, मग त्याला माणूस दिसणार कसा? दुपारी दोनला सगळे चकलीवर बिनधास्त हात मारत होते. कूलरचा झोत थेट सेन्सरवर आला, तर उलट कुणी नसताना आजी सुरू.

म्हणून महिनाभर आरसीडब्ल्यूएल-०५१६ हा रडार सेन्सर लावून पाहिला. त्याला उन्हाचं काही नाही, प्लायवूडच्या आत लपवला तरी चालतो. पण त्याला भिंतीपलीकडचंही कळतं. शेजारच्या काकू त्यांच्या ओट्यापाशी आल्या की आमच्याकडे "हात धुतले का?" जूनमध्ये पाऊस पडला आणि मी जुना सेन्सर परत लावला.