नाकाची शस्त्रक्रिया उत्तम, त्यानंतरच्या वर्षाची माहिती अपुरी

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका खासगी क्लिनिकमध्ये चौदा महिन्यांपूर्वी मी नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली. लहानपणी जिन्यावरून पडल्यामुळे नाकाच्या दांड्यावर उंचवटा आला होता आणि आतला पडदा वाकडा झाल्याने रात्री उजव्या नाकपुडीतून श्वास घेता येत नसे. आज दोन्ही नाकपुड्या मोकळ्या आहेत आणि उंचवटाही गेला आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या कौशल्याविषयी माझी तक्रार नाही. शस्त्रक्रियेनंतर नाकाचा आकार महिनोन्‌महिने बदलत राहतो, हे तेथे कोणीही आधी नीट समजावून सांगितले नाही, ही माझी तक्रार आहे.

आठव्या दिवशी प्लास्टर काढल्यावर आरशात दिसलेले नाक संगणकावर दाखवलेल्या चित्राशी कुठेच जुळत नव्हते. शेंडा वर उचललेला होता, डोळ्यांमधला भाग रुंद झाला होता आणि हसू लागले की वरचा ओठ ताठ राहत होता. शेंड्याला हात लावला तर बोटाला नाक कळे, नाकाला बोट कळत नसे. सहा आठवडे चष्म्याचा भार नाकावर येऊ द्यायचा नाही, हे घरी सोडताना सांगण्यात आले. मग चष्मा चिकटपट्टीने कपाळाला लावून मी अंधेरी ते चर्चगेट प्रवास करत होते. घाबरून फोटो पाठवले की क्लिनिकमधील समुपदेशक बाईंचे एकच उत्तर येई, ‘सूज आहे, ओसरेल.’

उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते. माझी शस्त्रक्रिया खुल्या पद्धतीची, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर छेद देऊन त्वचा वर उचलून केलेली होती. तिच्यात बरीचशी सूज पहिल्या काही महिन्यांत उतरत असली, तरी शेंड्याची सूज सर्वांत शेवटी, साधारण वर्षभराने उतरते आणि त्वचा जाड असेल तर त्याहूनही अधिक काळ लागतो. सकाळी नाक अधिक सुजलेले आणि दिवस चढेल तसे हलके वाटणे हेही नेहमीचेच आहे. माझी त्वचा जाड आहे, हे पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना दिसले असणार. तेव्हाच एवढे सांगितले असते, तर रोज रात्री दिव्याखाली जुने फोटो हातात धरून आरशासमोर बसण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

चौथ्या महिन्यात शेंडा खाली येऊ लागला आणि डावी नाकपुडी किंचित वर असल्याचे लक्षात आले. त्या वेळी डॉक्टरांनी अर्धा तास दिला, शेंडा बोटाने दाबून पाहिला, आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले आणि वर्षभराच्या आत दुरुस्ती का करत नाहीत, तेही सांगितले. आतला व्रण तोवर मऊ पडलेला नसतो आणि सूज कोणती व खरा दोष कोणता, हे ठरवता येत नाही. इतके स्वच्छ बोलणारे डॉक्टर शस्त्रक्रियेआधी दहाच मिनिटे भेटले, याचे मला आजही वाईट वाटते.

संमतिपत्र इंग्रजीत होते आणि आदल्या संध्याकाळी सही करण्यापुरतेच समोर आले. प्रक्रियेचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती देऊनच रुग्णाची संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले आहे. मराठीतले एक पान, त्यावर महिन्यागणिक काय दिसेल याची माहिती आणि ठरावीक अंतराने एकाच प्रकाशात काढलेले फोटो, एवढे या क्लिनिकला सहज देता येईल. खर्चाचा तपशील मात्र त्यांनी आधी लेखी दिला होता आणि अंतिम बिल तेवढेच आले.

अकराव्या महिन्यात मावसबहिणीच्या लग्नात मी पुन्हा नथ घातली. डावी नाकपुडी अजून केसभर वर आहे. पुढच्या महिन्यात तपासणी आहे; दुरुस्ती हवी की नको, हे तेव्हाचे फोटो डॉक्टरांसोबत पाहूनच मी ठरवणार आहे.