ऑरेंजच्या सहा अक्षरांवर वनलुकची परीक्षा

इंग्रजी अक्षरं द्या, शब्द घ्या, असं सांगणाऱ्या साइट नेटवर ढिगाने आहेत. बहुतेकींत एक रिकामा चौकोन, भोवती जाहिरातींचा बाजार, आणि शब्द नेमके कोणत्या यादीतून येतात याचा पत्ता नाही. वनलुक (onelook.com) ही शब्द शोधायची साइट या गर्दीत वेगळी ठरते, कारण तिथे प्रश्न नेमका विचारता येतो. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, फोनच्या ब्राउझरमध्येही चालतं.

‘या अक्षरांचे शब्द’ म्हणताना लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी मागत असतात. कुणाला फक्त त्याच अक्षरांत बसणारे शब्द हवे असतात. कुणाला ती सगळी अक्षरं कुठेतरी असली की पुरे, बाकीची काहीही चालतात. आणि कुणाला ती त्याच क्रमाने, लागोपाठ हवी असतात. साध्या साइट तिघांना एकच उत्तर देतात. वनलुकवर तिन्हींची चिन्हं वेगळी आहेत.

संत्रानगरीत उदाहरण ऑरेंजचंच घेऊ. दोन तिरप्या रेघा (//) टाकून त्यांना चिकटून ऑरेंजची सहा अक्षरं लिहिली, की अक्षरांची उलटापालट होते आणि ‘ओनेजर’ मिळतो, म्हणजे रानगाढव. शेवटी एक प्रश्नचिन्ह वाढवलं, की सहा अक्षरं अधिक कोणतंही एक, असा अर्थ होतो. आता ग्रोन्ड, निगेटर, वॅगनर, ओरेगॅनो असे सात अक्षरी शब्द येतात. स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून शब्द बनवायचा खेळ, खेळणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको: हातात ही सहा अक्षरं आणि एक कोरी (कोणतंही अक्षर म्हणून चालणारी) सोंगटी असेल, तर सातही एकदम लावून ५० गुणांचा बोनस मिळतो. कोऱ्या सोंगटीचे स्वतःचे गुण मात्र शून्य.

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. ‘फक्त हीच अक्षरं’ यासाठी तारा, मग अधिक चिन्ह, मग अक्षरं (*+) अशीही सोय आहे. पण या चिन्हाला अक्षरांची संख्या कळत नाही. एकच अक्षर कितीही वेळा वापरलेलं त्याला चालतं. ऑरेंजची अक्षरं अशी टाकली, तर अरेंज आणि एंगेजही यादीत येतात. अरेंजला दोन ए आणि दोन आर लागतात, एंगेजला दोन जी आणि दोन ई, आणि हातात तर प्रत्येकी एकच सोंगटी. ज्या कोड्यात अक्षर पुन्हा वापरायची मुभा असते, तिथे हेच चिन्ह बरोबर. स्क्रॅबलला तिरप्या रेघाच.

दुसऱ्या प्रकारासाठी स्वल्पविराम वापरायचा. प्रत्येक अक्षराला दोन्ही बाजूंनी तारा द्यायचा आणि मधे स्वल्पविराम: *एन*,*ए*,*जी*,*पी*,*यू*,*आर* (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं). नागपूरची सहाही अक्षरं असलेले कॅप्चरिंग, अपग्रेडिंग, परचेसिंग, अनरॅपिंग हे शब्द यात बसतात. एन आणि जी एकत्र आले की ‘इंग’वाल्या क्रियापदांची झुंबड उडते, त्याला इलाज नाही. लांबी बांधायची असेल तर सुरुवातीला तेवढी प्रश्नचिन्हं आणि मग स्वल्पविराम. नऊ टाकली, तर कॅप्चरिंग आणि अपग्रेडिंग टिकतात, दहा अक्षरी परचेसिंग गळतो. एक खोच लक्षात ठेवा: एखादं अक्षर दोनदा हवं असेल, तर *पी* दोनदा लिहून उपयोग नाही, कारण दोन्ही अटी एकाच पीवर पूर्ण होतात. *पी*पी* असं सलग लिहावं लागतं.

पाच अक्षरी शब्द ओळखायच्या वर्डल खेळातही हीच युक्ती. त्यात जागेवर बसलेलं अक्षर हिरवं होतं, शब्दात असून जागा चुकलेलं पिवळं. पाच प्रश्नचिन्हं, हिरवं अक्षर त्याच्या जागी, पिवळी अक्षरं स्वल्पविरामानंतर ताऱ्यांत. पिवळं अक्षर ज्या घरात नको ते आपल्या डोळ्यांनी गाळायचं.

तिसरा प्रकार सोपा, पण इंग्रजी शिकवणाऱ्यांनी तो जरूर वापरावा. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं दोन ताऱ्यांमध्ये टाका. दो, थ्रू, टफ, कफ, बाउ, थरो: स्पेलिंगचा तुकडा तोच, उच्चार प्रत्येकाचा निराळा. आपल्याकडच्या मराठी शाळांतले पोट्टे इथेच अडखळतात, आणि फळ्यावर लिहायला अशी यादी हाताशी असली की निम्मं काम होतं.

आता दोष. वनलुक अनेक शब्दकोश एकत्र धुंडाळतं, त्यामुळे विशेषनामं, दोन-तीन शब्दांचे वाक्प्रयोग, संक्षेप सगळंच आत येतं. यू नसलेले पण क्यू असलेले शब्द शोधा: तारा, क्यू, तारा, मग उणे चिन्ह आणि यू. स्क्रॅबलमध्ये चालणारे ची (स्पेलिंग क्यू-आय), फकीर, कनात, कव्वाली मिळतील, पण त्यांच्या मांडीला मांडी लावून इराक आणि कतारही बसलेले असतील. देशांची नावं स्क्रॅबलमध्ये चालत नाहीत. म्हणून वनलुक शोधायला उत्तम, पण पंच म्हणून कुचकामी. अमुक शब्द ग्राह्य की नाही, यावरून खेळात वाद झाला तर वनलुकची यादी पुरावा म्हणून दाखवू नका.

निकाल स्पर्धेच्या ठरलेल्या शब्दयादीनेच लागतो. उत्तर अमेरिकेबाहेरच्या बहुतेक इंग्रजी स्क्रॅबल स्पर्धा कॉलिन्स या प्रकाशनाच्या यादीवर चालतात. तिच्या २०१९च्या आवृत्तीत २,७९,४९६ शब्द होते, त्यातले दोन अक्षरी १२७. अमेरिका-कॅनडाची यादी वेगळी आणि लहान आहे. एखाद्या साइटवर यादी निवडायची सोय असेल, तर आधी ती कॉलिन्सवर आहे का ते पाहावं. नाहीतर घरी पाठ केलेला शब्द स्पर्धेत बाद, किंवा चालणारा शब्द आपणच सोडून दिलेला.

ही यादी छापील हवी असेल तर नागपुरात बर्डीवरच्या दुकानांत विचारताना ‘कॉलिन्सची डिक्शनरी’ एवढंच म्हणू नका, साधा खिशातला शब्दकोश हाती पडेल. ‘कॉलिन्स स्क्रॅबल वर्ड्स’ असं पूर्ण नाव सांगा. त्यात अर्थ नसतात, दोन ते पंधरा अक्षरी शब्दांची नुसती यादी असते. आणि ती वर्णानुक्रमे असल्यामुळे ‘मधे कुठेतरी पी आणि यू असलेले शब्द’ तिच्यात शोधता येत नाहीत. तेवढ्यासाठी पुन्हा वनलुकच उघडावं लागतं.