लुइझियाना की अलास्का: घाट्यात कोण?

इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता काका म्हणाले, "रशियानं अलास्का अमेरिकेला मातीमोल विकलं, वेडे लेकाचे!"

मला नाही पटत. 1867 साली 72 लाख डॉलर मिळाले, तेही इंग्रजांनी लढाईत फुकट बळकावली असती अशा जमिनीचे. फरचा धंदा बसलेला, क्रिमियाच्या युद्धानं तिजोरी खंगलेली. अलास्कातल्या प्रूडो बेचं तेल सापडलं थेट 1968 मध्ये.

नेपोलियननं मात्र 1803 मध्ये दीड कोटी डॉलरात लुइझियानाचे सुमारे 21 लाख चौरस किलोमीटर अमेरिकेला दिले. सुपीक जमीन, वर मिसिसिपीच्या मुखाजवळचं न्यू ऑर्लिन्स बंदर. फ्रेंचांची वसाहत हैती हातून निसटत होती, इंग्रजांशी लढाई दारात, हे खरं. तरी घाटा त्याचाच मोठा. (मूळ रहिवाशांना दोन्हीकडे कुणी विचारलं नाही.)

काकांनी दुसरी प्लेट मागवली.